जुना संगणक आणि कारखान्यापर्यंतचा बोगदा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

देहूरोडला राहणाऱ्या माणसाला एक प्रसंग नेहमीचा असतो. लोकलमधून उतरलेला एखादा पाहुणा फलाटावरच विचारतो, "तुकोबांचं देऊळ कुठंशी आलं?" मग त्याला सांगावे लागते, की बाबा, हे देहूरोड. देहू गाव अजून काही किलोमीटर पुढे, इंद्रायणीच्या काठी आहे. नाव जवळपास तेच, ठिकाण मात्र निराळे. पाहुणा चुकलेला नसतो. त्याच्या हातातला पत्ता अपुरा असतो, इतकेच.

हा प्रसंग मी आज वेगळ्याच कारणासाठी सांगतो आहे. संगणकांच्या जगातही असेच घडते आणि त्यापायी मी एक अख्खी रामनवमी डोके धरून बसलो होतो. विषय आहे व्हीपीएनचा, म्हणजे आभासी खासगी जाळ्याचा. नाव ऐकून दचकू नका. मी स्वतः काही संगणक अभियंता नाही. चिंचवडच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य गेले. तारा, फ्यूज आणि मोटारी एवढेच माझे शिक्षण. पण जे मला समजले ते कोणालाही समजेल, या भरवशावर बोलतो आहे.

गोष्ट २०२० सालची. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याआधीच लोकल थांबल्या होत्या. आमच्या सूनबाई तळवड्याच्या एका लहान वर्कशॉपमध्ये हिशेबाचे काम पाहतात. गाड्यांचे सुटे भाग करणारे वर्कशॉप, बावीस कामगार. कोणी बीडचा, कोणी लातूरचा, काही बिहारकडचे. बहुतेक रुपीनगर आणि तळवड्यात खोल्या घेऊन राहणारे. मशीन बंद झाली तरी मार्चचा पगार तर द्यायचाच होता. आमच्या भागात सात तारखेच्या आत पगार हा कायदाही होता आणि रिवाजही. मालक भले गृहस्थ. ते म्हणाले, "पैसे आहेत. पण कोणाला किती द्यायचे आणि कोणत्या खात्यात, ते सगळं तळवड्याच्या संगणकात आहे."

हजेरीचे आकडे, उचल कोणी किती घेतली त्याचा हिशेब, खाते क्रमांक, सगळे त्या एका यंत्रात. देहूरोडहून तळवडे एरवी दहा-पंधरा मिनिटांचे. त्या आठवड्यात मात्र ते अंतर दिल्लीएवढे झाले होते. नाक्यानाक्यावर पोलीस, आणि वर्कशॉप काही अत्यावश्यक सेवेत मोडत नव्हते. आत राहणारा वॉचमन तेवढा तिथे होता. तो बिचारा बटण दाबून संगणक चालू करू शकत होता. त्यापुढचे त्याला येत नव्हते, आणि पासवर्ड त्याच्या हाती देणे मालकांना बरोबर वाटत नव्हते.

सूनबाई म्हणाल्या, "बाबा, कंपनीतल्या मोठ्या लोकांना घरून काम करता येतं, मग आपल्याला का नाही येणार?"

प्रश्न रास्त होता. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांचे लोक तेव्हा लॅपटॉप घेऊन घरी गेलेच होते. त्यांच्यासाठी सरकारी नियमही बदलले होते. कॉल सेंटर आणि तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्यांना घरून काम द्यायचे तर अनामत रक्कम भरावी लागे, आणि परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच व्हीपीएन घ्यावे लागे. १३ मार्च २०२० रोजी दूरसंचार विभागाने या अटी सैल केल्या आणि कंपन्यांना स्वतः उभारलेले सुरक्षित व्हीपीएन वापरण्याची मुभा दिली. आमच्या वर्कशॉपला ना तशी अट होती, ना तसे लॅपटॉप. आमच्या घरी होता तो २००८ साली घेतलेला संगणक. दोन जीबी मेमरी आणि विंडोज ७. त्या विंडोजची सुरक्षा-दुरुस्तीही मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ जानेवारीला थांबवलेली. नातू त्यावर पत्त्यांचा खेळ खेळत असे.

आता व्हीपीएन म्हणजे काय ते आधी पाहू. पूर्वी एखाद्या कंपनीला आकुर्डीचा कारखाना आणि मुंबईचे ऑफिस संगणकाने जोडायचे असेल, तर दूरसंचार खात्याकडून स्वतंत्र तार भाड्याने घ्यावी लागे. तिला लीज लाइन म्हणत. तार आपली, त्यामुळे तिच्यावर दुसऱ्याची ये-जा नाही. पण भाडे लहान माणसाच्या आवाक्याबाहेरचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, आणि मग साहजिकच विचार आला, की सगळीकडे पोचणारा हा सार्वजनिक रस्ता असताना वेगळी तार कशाला?

अडचण एकच. सार्वजनिक रस्त्यावरून जाणारे पत्र कोणीही वाटेत वाचू शकतो. त्यावर उपाय असा, की आपले पत्र कुलूपबंद पेटीत घालायचे आणि ती पेटी दुसऱ्या साध्या पाकिटात घालून पाठवायची. वरच्या पाकिटावर फक्त एवढेच लिहिलेले, की हे कारखान्याच्या दारापर्यंत न्या. वाटेतल्याला पाकीट दिसते, पेटीत काय आहे ते दिसत नाही. कारखान्याच्या दारावरचे यंत्र पेटी उघडते आणि आतले पत्र आतल्या संगणकाकडे धाडते. ये-जा अशी सतत चालू राहिली, की दोन्ही टोकांच्या संगणकांना वाटते, आपण एकाच खोलीत आहोत. यालाच बोगदा म्हणतात. बोरघाटातल्या बोगद्यात गाडी शिरली की बाहेरच्याला ती दिसत नाही, तसेच.

पण नुसत्या बोगद्याने भागत नाही. देहूरोडला लष्कराचा डेपो आहे. आम्ही लहानपणापासून पाहतो, आत जाणाऱ्याला गेटवर पास दाखवावा लागतो. बोगद्याच्या तोंडाशीही असाच पहारा लागतो. येणारा आपलाच माणूस आहे ना, हे कारखान्याने तपासायचे. आणि समोरचा खरोखर आपलाच कारखाना आहे ना, हे आपल्या संगणकानेही तपासायचे. ही दुसरी तपासणी लोक विसरतात. आमची सगळी फजिती तिच्यापाशीच झाली, ते पुढे सांगतो.

वर्कशॉपचे संगणक सांभाळणारा एक तरुण मुलगा आहे. तो चिंचवडला घरी अडकला होता. त्याने वर्कशॉपच्या राउटरमध्ये स्वतःच्या सोयीसाठी असा बोगदा आधीच करून ठेवला होता. कॅमेऱ्यांसाठी मालकांनी न बदलणारा इंटरनेट पत्ता घेतलेला होता, तो इथे कामी आला. कारण पाकीट जिथे पाठवायचे त्या दाराचा पत्ता कायम असावा लागतो, आणि तो बाहेरून पोचण्याजोगाही असावा लागतो. घरगुती जोडणीला असा पत्ता पुष्कळदा नसतो. अनेक घरे मिळून एकाच पत्त्यामागे असतात. म्हणून बोगद्याचे दार कारखान्याकडे ठेवायचे आणि घरून फक्त त्या दारावर जायचे, ही सोपी मांडणी.

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुमच्या विंडोजमध्ये हे आधीपासून असतं. नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडा, नवीन कनेक्शन, मग कनेक्ट टू अ वर्कप्लेस, पत्ता टाका, नाव-पासवर्ड टाका, झालं. पाच मिनिटांचं काम. पण..."

त्या 'पण'पाशी तो थांबला, हे त्याचे उपकार. जुन्या विंडोजमध्ये जो प्रकार सर्वांत सहज चालतो त्याला पीपीटीपी म्हणतात. १९९६च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी तो आणला. त्याच्या कर्त्यांत गुरदीप सिंग पाल हे भारतीय वंशाचे अभियंताही होते. त्या काळाच्या मानाने मोठी सोय झाली, पण कुलूप कच्चे निघाले. १९९८ सालीच ब्रूस श्नायर आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्यातले दोष दाखवले. २०१२ साली मॉक्सी मार्लिनस्पाइक या संशोधकाने तर दाखवून दिले, की पासवर्ड कितीही लांबलचक ठेवा, हे कुलूप शेवटी १९७७ सालच्या डीईएस या जुन्या पद्धतीच्या एका किल्लीवर येऊन ठेपते, आणि ती किल्ली खास यंत्राने एका दिवसाच्या आत शोधता येते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनेच त्याला पर्याय वापरण्याचा सल्ला दिला, आणि ॲपलने २०१६ साली आपल्या फोन-संगणकांतून तो काढून टाकला.

म्हणजे जोडणी होईल, हिरवी खूण दिसेल, काम चालेल, आणि तरीही दार उघडेच. बावीस माणसांचे खाते क्रमांक त्यातून जायचे होते. मी इलेक्ट्रिशियन माणूस. फ्यूजच्या जागी जाड तार घातली तरी दिवा लागतो, हे मला ठाऊक आहे. दिवा लागला म्हणजे वायरिंग सुरक्षित आहे असे होत नाही.

कोणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा कारखान्याच्या संगणकावर दुरून काम करण्याची विंडोजची रिमोट डेस्कटॉप ही सोय सरळ इंटरनेटवर उघडी टाकली असती तर? असे करणारे पुष्कळ आहेत आणि पस्तावणारेही. मे २०१९मध्ये त्या सोयीतच ब्लूकीप नावाची मोठी फट सापडली होती. ती इतकी गंभीर, की २०१४ सालीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. तेव्हा रिमोट डेस्कटॉप वापरायचे, पण बोगद्याच्या आतून, असे ठरले. याचा एक मोठा फायदा जुन्या संगणकाला होतो. हिशेबाचा प्रोग्रॅम तळवड्यातच चालतो. आपल्याकडे फक्त त्याच्या पडद्याचे चित्र येते आणि आपल्याकडून कळफलकाची बटणे जातात. बारा वर्षांच्या संगणकालाही एवढे ओझे झेपते.

बोगद्यासाठी निवडले ओपनव्हीपीएन. हे जेम्स योनान या गृहस्थाने २००१ साली केले. त्याची हकीकत मला फार आवडली. तो मध्य आशियात फिरत होता आणि तिथल्या अनोळखी जोडण्यांवरून आपल्या कामाच्या संगणकाशी बोलावे लागे. वाटेत कोण ऐकत असेल, या काळजीतून त्याने स्वतःच साधन बनवले. ते मोफत आहे. त्या वेळी विंडोज ७साठी त्याचा वेगळा संच मिळे आणि विंडोज १०साठी वेगळा. त्या मुलाने बरोबर तो सांगितला आणि एक छोटी फाइल पाठवली. त्या फाइलमध्ये कारखान्याचा पत्ता, सूनबाईंचे ओळखपत्र आणि कारखान्याचे ओळखपत्र तपासण्याची खूण, असे तिन्ही होते. मी ते फोनवर उतरवले आणि केबलने संगणकात घातले.

१ एप्रिलच्या रात्री आम्ही बसलो. प्रोग्रॅम बसला, फाइल तिच्या जागी ठेवली, खाली उजव्या कोपऱ्यात कुलपाचे चिन्ह आले. जोडायला सांगितले तर ते पिवळे होऊन राहिले. हिरवे काही होईना. पुन्हा पासवर्ड घातला. राउटर बंद करून चालू केला. अँटिव्हायरस थांबवून पाहिला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. सूनबाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "बाबा, हा संगणकच जुना आहे. याला नाही झेपायचं."

मी थकून त्या प्रोग्रॅमची नोंदवही उघडली. तिला लॉग म्हणतात. इंग्रजीच्या पंचवीस-तीस ओळी. त्यातल्या एका ओळीचा अर्थ एवढाच होता, की समोरचे प्रमाणपत्र अजून वैध झालेले नाही.

अजून? प्रमाणपत्र तर त्या मुलाने २०१९ साली केलेले. मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले. आमच्या संगणकाच्या हिशेबी तो दिवस होता १ जानेवारी २००८.

मंडळी, संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. सीआर २०३२ असे त्याचे नाव. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो संपतो. मग भिंतीवरचे बटण बंद केले की घड्याळ मागे जाते, थेट यंत्राच्या जन्माच्या आसपास. पत्ते खेळायला तारीख लागत नाही, त्यामुळे आमच्या घरी कोणाच्या लक्षात आले नव्हते. पण ओळखपत्रावर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' असे लिहिलेले असते. २००८ सालात बसलेल्या पहारेकऱ्याला २०१९ सालचा पास दाखवला तर तो म्हणणारच, की हा पास अजून निघालेलाच नाही. त्याचे चुकले कुठे? उलट तो आपले काम चोख करत होता.

तारीख हाताने दुरुस्त केली. पुढच्या अर्ध्या मिनिटात कुलूप हिरवे झाले. सूनबाईंनी हात जोडले.

पण गंमत संपली नव्हती. दुसऱ्या दिवशी रामनवमी. सकाळी वॉचमनला फोन केला, त्याने संगणक चालू केला. बोगदा हिरवा, आणि तरीही वर्कशॉपचा संगणक सापडेना. इथे देहू आणि देहूरोडची गोष्ट येते.

प्रत्येक घरात, प्रत्येक ऑफिसात राउटर आतल्या यंत्रांना क्रमांक वाटतो. हे क्रमांक आतल्या आतच वापरायचे, म्हणून सगळीकडे तेच ते असतात. बहुतेक राउटर १९२.१६८.१ याने सुरुवात करतात. जशी प्रत्येक वसाहतीत 'गल्ली नंबर दोन' असते. वर्कशॉपच्या संगणकाचा क्रमांक १९२.१६८.१.१०. आमच्या घरातल्या यंत्रांचे क्रमांकही १९२.१६८.१ यापुढचेच. मी संगणकाला सांगितले, अमुक क्रमांकाकडे जा. त्याने विचार केला, हा तर आपल्याच वाड्यातला पत्ता, बोगद्यात कशाला शिरायचे? तो आमच्या घरातच शोधत बसला. त्या मुलाच्या घरी क्रमांकांची मालिका वेगळी होती, म्हणून त्याला ही अडचण कधी आली नव्हती.

उपाय सोपा. वर्कशॉपचे क्रमांक बदलायचे तर तिथले प्रिंटर, कॅमेरे सगळेच विस्कटले असते. म्हणून आम्ही घरच्या राउटरची मालिका बदलून १९२.१६८.३७ केली. राउटर पुन्हा चालू झाला, आणि दुपारी तीनच्या सुमारास देहूरोडच्या आमच्या पडद्यावर तळवड्याचा पडदा उमटला. लोकांच्या घरी रामजन्म दुपारी बारा वाजता झाला, आमच्याकडे तीनला.

मग दोन दिवस सूनबाईंनी काम केले. संगणक थोड्या वेळाने झोपी जाई, तेव्हा वॉचमनला फोन करून उठवायला सांगावे लागे. ४ एप्रिलला पगारपत्रक तयार झाले, मालकांनी नेट बँकिंगवरून पैसे पाठवायला घेतले. डिसेंबर २०१९पासून एनईएफटी रात्रंदिवस आणि सुट्टीच्या दिवशीही चालते, तेही पथ्यावर पडले. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता सर्वांनी दिवे मालवून पणत्या लावल्या. आम्हीही लावल्या. मी उत्साहाने मेन स्विचच खाली ओढला.

सहा तारखेला सकाळी मालकांचा फोन. तीन खात्यांचे पैसे परत आले होते. क्रमांक ताडून पाहायला हवे होते. सूनबाईंनी संगणक चालू केला, बोगदा पुन्हा पिवळा. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही न बोलता कोपऱ्यातली तारीख पाहिली. १ जानेवारी २००८. या वेळी रात्र जागावी लागली नाही, दोन मिनिटे लागली. संध्याकाळपर्यंत बावीसही जणांचे पैसे पोचले. त्यातल्या एकाने सूनबाईंना फोन करून सांगितले, की ताई, खोलीभाडं भागलं. कोणत्या बोगद्यातून ते आले हे त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

आता आजच्या काळाविषयी थोडे. विंडोज १०ची मोफत सुरक्षा-दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे संपली, आणि आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपमधले कितीतरी चांगले संगणक त्यामुळे एकदम 'जुने' झाले. अशा संगणकावर व्हीपीएन घेण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बोगदा वाटेतल्या चोरापासून वाचवतो. घरातच चोर बसला असेल तर तोच बोगदा त्याला कारखान्यात नेऊन सोडतो. जून २०१७मध्ये नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधून सुटला. मर्स्क या जहाज कंपनीच्या आतल्या जाळ्यावरून तो असा पसरला, की न्हावाशेवा बंदरातल्या त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. आतल्या जोडण्यांवर विश्वास असतो, म्हणूनच लागण तिथून वेगाने जाते. दुरुस्ती न मिळणाऱ्या विंडोजवरून कारखान्यात शिरणे म्हणजे ताप अंगात असताना बाळंतिणीच्या खोलीत जाण्यासारखे आहे. आम्ही ते केले, कारण त्या आठवड्यात दुसरा मार्ग नव्हता. नेहमीसाठी ते योग्य नाही.

जुन्या यंत्राला चांगला पर्याय म्हणजे लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती. ती मोफत मिळते, दुरुस्त्या मिळत राहतात आणि व्हीपीएनची सोय तिच्यात असते. योगायोग पाहा, आम्ही धडपडत होतो त्याच आठवड्यात, २९ मार्च २०२० रोजी, लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत वायरगार्ड हा नवा बोगदा मुळातच समाविष्ट झाला. जेसन डोननफेल्ड हे त्याचे कर्ते. तो जुन्या संगणकाला विशेष मानवतो, त्याचे कारण असे. कुलूप लावण्याची रूढ पद्धत म्हणजे एईएस. २०१०पासून पुढच्या अनेक प्रोसेसरमध्ये तिच्यासाठी खास सोय असते. त्याआधीच्या यंत्रांत ती नसते, त्यामुळे तेच काम त्यांना जड जाते. वायरगार्ड चाचा-२० नावाची वेगळी पद्धत वापरतो. तिला अशा खास सोयीची गरज लागत नाही. मात्र घड्याळाची कटकट तिथेही आहे. जुना निरोप कोणी पुन्हा वाजवू नये म्हणून तो वेळेची खूण पाहतो. घड्याळ मागे गेले, तर तोही दार उघडत नाही.

आणखी एक खुलासा. जाहिरातींत दिसणारे व्हीपीएन आणि मी सांगितले ते व्हीपीएन यांची जात एक, उपयोग वेगळा. तिथे बोगद्याचे दुसरे टोक आपल्या कारखान्यात नसते, एका अनोळखी कंपनीच्या घरात असते. म्हणजे विश्वास इंटरनेट देणाऱ्यावरून उचलून त्या कंपनीवर ठेवला, एवढेच घडते. फुकट मिळणाऱ्या बोगद्याचा खर्च कोण भरतो, हा प्रश्न स्वतःला विचारावा. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सरकारी संस्थेने अशा सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. कंपन्यांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला तो नियम लागू नाही, असे नंतर स्पष्ट करण्यात आले.

तेव्हा कोणाला घरच्या जुन्या संगणकावरून कामाच्या जागी पोचायचे असेल, तर या इलेक्ट्रिशियनचा अनुभव एवढाच. आधी तारीख पाहा. पीपीटीपीच्या सहजपणाला भुलू नका. दोन्हीकडचे क्रमांक एकच नाहीत ना, ते तपासा. प्रत्येक माणसाला स्वतंत्र ओळखपत्र द्या, म्हणजे एखादा काम सोडून गेला की फक्त त्याचेच बंद करता येते. सगळेच इंटरनेट बोगद्यातून नेण्याची खूण असेल तर काढून टाका. नाहीतर घरी पाहिलेली बातमीसुद्धा कारखान्याला वळसा घालून येते आणि दोघांचीही गती मंदावते. आणि काही अडले तर पासवर्ड दहा वेळा घालण्याऐवजी नोंदवही उघडून वाचा. यंत्र बहुधा खरे कारण सांगत असते. ते वाचायची तसदी आपण घेत नाही.

टाळेबंदी सैल झाल्यावर दुकाने उघडली, तेव्हा मी सर्वप्रथम तो चपटा सेल आणला. संगणकाचे झाकण काढले, जुना सेल काढून नवा बसवला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, एवढ्याशा गोष्टीसाठी आपण रात्रभर बसलो होतो?" मी म्हटले, "अगं, कारखान्यातही मोठी मोटार बंद पडते ती बहुतेक वेळा फ्यूजनेच." तो संगणक आजही आमच्याकडे आहे. आता त्यावर लिनक्स आहे आणि त्याची तारीख बरोबर असते.